डासाला जात असते, माणसाला नसते

गेल्या श्रावणात एका शनिवारी आम्ही नवी पेठेत गेलो होतो. पाण्याच्या टिपाडांच्या तोंडावर बांधायला सुती कापड हवे होते. कापड घेऊन परतताना एका औषधाच्या दुकानापाशी थांबलो. पुढे एक ताई उभ्या होत्या. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि चेहरा जागरणाने उतरलेला होता. घरातल्या पोराला डेंग्यू झाला होता. चिठ्ठीवरची औषधे घेतल्यावर त्या दुकानदाराला म्हणाल्या, "कॉइल पण द्या, जालीम असेल ती. रोज रात्री कॉइल लावते, दारातल्या गटारीत फिनाईल टाकते, तरी पोराला डेंग्यू झालाच कसा?"

आम्हाला राहवले नाही. म्हणालो, "ताई, डेंग्यूचा डास गटारीत होत नाही आणि तो जास्त करून दिवसा चावतो. गटारीतला डास वेगळ्या जातीचा, हा वेगळ्या जातीचा."

मागे एक आजी उभ्या होत्या. त्या चटकन म्हणाल्या, "डासालाबी जात अस्ती व्हय? आमच्या मागं लागली ती लागली, आता डासाच्याबी मागं लागली का?"

सगळे हसले. दुकानदारही हसला. पण घरी येईपर्यंत आजींचा तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. ज्या शब्दाने आपल्या आजा-पणजांना गावकुसाबाहेर ठेवले, तोच शब्द आपण डासासाठी, सापासाठी, आंब्यासाठी सहज वापरतो. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही सजीवांच्या वर्गीकरणाच्या धड्यात शेवटच्या पायरीचे नाव 'जाती' असेच छापलेले असते. मग पुस्तकातली जात आणि गावातली जात एकच का? नसेल तर फरक काय? आणि त्याचा आपल्या घरातल्या तापाशी काय संबंध? या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही याच प्रश्नांची उत्तरे देणार आहोत.

विज्ञान कशाला जात म्हणते?

भांड्याच्या दुकानात ताटे एका रांगेत, वाट्या दुसऱ्या रांगेत आणि कुकर तिसऱ्या रांगेत ठेवलेले असतात. तसे लावले नाही तर हवी ती वस्तू सापडणार नाही. जगात सजीव लाखो प्रकारचे आहेत. त्यांची अशी मांडणी करणे म्हणजे वर्गीकरण.

स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने १७३५ साली अशी मांडणी करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्याने प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या मुलांच्या पुस्तकात या मांडणीच्या सात पायऱ्या असतात: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. वरची पायरी मोठ्या घराण्याची, खालची जवळच्या नात्याची.

ही शेवटची पायरी, म्हणजे जाती, कशी ठरवतात? मोठ्या प्राण्यांसाठी एक साधी कसोटी आहे. नर आणि मादी एकत्र आले, त्यांना पिल्ले झाली आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होऊ शकली, तर ते दोघे एका जातीचे. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराला सहसा पुढे पिल्लू होत नाही. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती. उलट, आपल्या गल्लीतले कुत्रे आणि बंगल्यातले अल्सेशियन दिसायला कितीही वेगळे असोत, त्यांची पिल्ले धडधाकट होतात आणि त्यांनाही पुढे पिल्ले होतात. म्हणून ते एकाच जातीचे. सूक्ष्मजीवांना ही कसोटी जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे शरीराची घडण आणि आनुवंशिक द्रव्य तपासून नाते ठरवतात.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. ही कसोटी कोणीही, कुठेही तपासून पाहू शकतो. कोणा पुरोहिताने सांगितले म्हणून गाढव वेगळे ठरत नाही. आणि तपासात चूक सापडली तर विज्ञान नाव बदलते. डेंग्यूच्या डासाचेच पाहा. १७६२ साली लिनियसच्या नावावर त्याची नोंद झाली तेव्हा तो क्युलेक्स या प्रजातीत घातला होता. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्याचे शरीर बारकाईने पाहिले, मांडणी चुकली असे त्यांना दिसले आणि त्यांनी त्याला एडिस या प्रजातीत नेले. आज त्याचे नाव एडिस इजिप्ती आहे. पहिल्यांदा कोणी लिहिले याचा मान राखून चूक तशीच ठेवायची, हा विज्ञानाचा रिवाज नाही.

सिकंदराबादची दोन वर्षे

डासाची जात ओळखली नाही तर काय होते, हे कळायला फार लांब जायला नको. सोलापूरहून हैदराबादकडे रेल्वेने गेले की सिकंदराबाद येते. तिथे १८९५ ते १८९७ या काळात रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर हिवतापाचा शोध घेत होता. हिवताप डासामुळे होतो असा त्याला संशय होता, पण पुरावा नव्हता.

रॉस हिवतापाच्या रुग्णाला डास चावू द्यायचा आणि मग ते डास सूक्ष्मदर्शकाखाली फाडून पाहायचा. हुसेन खान नावाच्या एका रुग्णाला तर चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा मिळत असे. रॉसने असे शेकडो डास तपासले. हाती काहीच लागले नाही. कारण तो ज्या करड्या आणि पट्टेदार डासांवर मेहनत घेत होता, त्यांच्या जातींमध्ये हिवतापाचा परजीवी वाढतच नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये त्याच्या हाती पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास आले. २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याला हिवतापाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. तो डास ॲनोफिलिस प्रजातीचा होता. या कामासाठी रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस आजही जगभर डास दिन म्हणून पाळतात.

एवढ्या हुशार डॉक्टरची दोन वर्षे चुकीच्या जातीच्या डासांवर गेली. नवी पेठेतल्या त्या ताईंच्या कॉइली आणि फिनाईल तसेच चुकीच्या डासावर खर्च होत होते.

आपल्या वस्तीतले तीन डास

सगळे डास एकाच कुलातले आहेत आणि चावते ती मादीच, कारण अंडी तयार करायला तिला रक्त लागते. पण आपल्याला तीन प्रजाती वेगळ्या ओळखता यायला हव्यात.

पहिला एडिस. रंगाने काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. म्हणून काही जण त्याला वाघ्या डासही म्हणतात. हा दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. हा डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवतो. झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावी सापडला होता. एडिसला गटार चालत नाही. त्याला साठवलेले, साधारण स्वच्छ, न हलणारे पाणी लागते, आणि तेही घराच्या आसपास. तो फार लांब उडत नाही. तुमच्या घरातल्या माणसाला चावलेला एडिस बहुधा तुमच्याच गल्लीत, पुष्कळदा तुमच्याच घरात जन्मलेला असतो.

दुसरा ॲनोफिलिस. हा हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा डास. भिंतीवर बसला की डोके खाली आणि शेपटीकडचा भाग वर असा तिरका बसतो. रात्री चावतो. पावसाचे साचलेले पाणी, विहिरी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि बांधकामावरचे पाणी ही त्याची घरे.

तिसरा क्युलेक्स. हा गटारीतला, तुंबलेल्या घाण पाण्यातला आणि शौचालयाच्या टाकीतला डास. रात्री कानाशी गुणगुण करून झोपमोड करतो तो बहुतेक हाच. हा हत्तीरोग पसरवतो. आपला सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतल्या जिल्ह्यांपैकी आहे, म्हणून याच्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येते आणि तेही कधी रात्री-अपरात्री. म्हणून घरोघरी हौद, टिपाड, बॅरल, घागरी भरलेल्या असतात. हा आपला दोष नाही. रोज पाणी आले असते तर कोणी साठवले नसते. पण एडिसला नेमके हेच पाणी हवे असते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाणी आठवडाभर हलले नाही की डासांची एक पिढी घरातच तयार होते.

त्यात आणखी एक खोच आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या बाहेर येतात. म्हणून टिपाड नुसते रिकामे करून पुन्हा भरले तर काहीच साधत नाही. आतल्या भिंती काथ्याने नाहीतर ब्रशने खसाखसा घासायला हव्यात.

धम्म वंदनेत आपण 'एहिपस्सिको' हा शब्द रोज म्हणतो. त्याचा अर्थ या आणि स्वतः पाहा. हे डासांच्या बाबतीतही करता येते. टॉर्च घेऊन टिपाडात पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाखाली डोके खाली करून लटकलेल्या, उजेड पडताच वळवळत तळाकडे जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या एडिसच्या असण्याचाच संभव जास्त. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर ती ॲनोफिलिसची. शाळेतल्या मुलांना हे काम द्या. धडा पाठ होईल आणि घरही सुरक्षित होईल.

ताप कोणत्या सृष्टीचा?

डासाची जात ओळखली, आता डास जे सोडतो त्याची ओळख करून घेऊ. १९६९ साली रॉबर्ट व्हिटाकर या शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. शास्त्रज्ञांनी पुढे याहून बारीक मांडण्याही केल्या, पण घरच्या औषधपाण्याला ही पुरेशी आहे. रोग करणारा जीव कोणत्या सृष्टीतला यावर औषध ठरते.

क्षयरोग, टायफॉइड, कॉलरा आणि कुष्ठरोग हे जीवाणूंमुळे होतात. जीवाणू मोनेरा सृष्टीत येतात. त्यांच्यावर प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, काम करतात. मात्र औषध ठरलेले दिवस पूर्ण घ्यावे लागते. क्षयाचे औषध साधारण सहा महिने चालते. खोकला थांबला म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या तर उरलेले जीवाणू चिवट बनतात.

हिवताप आणि अमिबामुळे होणारा आमांश हे प्रोटिस्टा सृष्टीतल्या जीवांमुळे होतात. हिवतापाच्या परजीवीच्याही जाती आहेत. आपल्याकडे मुख्यतः दोन: व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपॅरम. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. म्हणून त्यावर प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस देतात. गर्भवतीला आणि लहान बाळाला ती देत नाहीत, म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नये. फाल्सिपॅरम मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. रक्त तपासल्याशिवाय यातला कोणता ते कळत नाही. अंदाजाने गोळी घेणे म्हणजे रॉससारखे भलत्याच डासाच्या मागे लागणे.

गजकर्ण, म्हणजे नायटा, हा कवक सृष्टीतला आहे. म्हणजे ती एक प्रकारची बुरशी आहे. अनेक जण दुकानातून कोणतेही मलम आणून लावतात. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असेल तर चार दिवस खाज थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि मग वर्षभर पिच्छा सोडत नाही. पोटातले जंत प्राणी सृष्टीतले. त्यांची गोळी आणखी वेगळी. ती शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना मोफत देतात.

आणि विषाणू? त्यांना या पाचांपैकी कोणत्याच सृष्टीत जागा नाही. त्यांना पेशीच नसते. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय ते वाढू शकत नाहीत. डेंग्यू, चिकुनगुनिया, साधी सर्दी आणि फ्लू हे विषाणूंचे आजार. विषाणूवर अँटिबायोटिक काहीच काम करत नाही. तरीही सर्दी-तापात आपण दुकानात जाऊन अँटिबायोटिक मागतो. पैसे जातात, आजार तसाच राहतो आणि पुढे जेव्हा त्या औषधाची खरी गरज पडते तेव्हा जीवाणू त्याला दाद देत नाहीत.

डेंग्यूबद्दल एवढे पक्के ध्यानात ठेवा. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या नकोत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, ताक, पेज, ओआरएस सारखे देत राहा. ताप उतरला की आपण सुटलो असे वाटते, पण डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा ताप उतरतानाच असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, फार सुस्ती किंवा घाबरेपणा, यातले एक जरी दिसले तरी रात्र असो की दिवस, रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या. हिवतापाची रक्ततपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. डेंग्यूच्या तपासणीसाठीही सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा.

माणसाची पायरी

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. डास ज्या जिन्याने उतरला त्याच जिन्याने माणसाला उतरवून पाहू. सृष्टी प्राणी. संघ समपृष्ठरज्जू, म्हणजे पाठीचा आधार असलेल्यांचा. वर्ग सस्तन, कारण आपण आईच्या दुधावर वाढतो. गण प्रायमेट, यात माकडे आणि वानर आपले सोबती. कुल होमिनिडी. प्रजाती होमो. जाती सेपियन्स. इथे जिना संपतो. पुढे पायरीच नाही. सोलापूरचा विणकर, पुण्याचा पुजारी, दिल्लीचा मंत्री, अमेरिकेतला गोरा आणि आफ्रिकेतला काळा, सगळे याच एका पायरीवर उभे आहेत. जगातल्या कोणत्याही दोन समाजांतल्या स्त्री-पुरुषांना मुले होतात आणि त्या मुलांनाही पुढे मुले होतात. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए ताडून पाहिला तर हजारातली साधारण ९९९ अक्षरे सारखी निघतात. रक्तपेढीत रक्तगट विचारतात, आडनाव जुळवत नाहीत.

इथे लिनियसही घसरला होता, हे सांगायला हवे. १७५८ च्या आवृत्तीत त्याने माणसाची एकच जाती मानली, पण तिचे खंडांप्रमाणे चार प्रकार पाडले आणि त्यांना स्वभावही चिकटवले. युरोपच्या माणसाला कल्पक, आशियाच्या माणसाला लोभी, आफ्रिकेच्या माणसाला आळशी ठरवले. झाडे आणि डास तपासताना डोळे उघडे ठेवणारा हा माणूस माणसाकडे वळला तेव्हा त्याने आपल्या समाजाचा पूर्वग्रहच कागदावर उतरवला. पुढच्या विज्ञानाने त्याची दोन शब्दांची नावे ठेवली आणि हे चार कप्पे टाकून दिले.

तथागतांनी ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली होती. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद होतो की माणूस ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने. ते बुद्धांकडे जातात. बुद्ध आधी सगळ्या सजीवांची यादी सांगतात: गवत आणि झाडे, किडे आणि मुंग्या, चार पायांचे प्राणी, पोटाने सरपटणारे, पाण्यातले मासे, आकाशातले पक्षी. या प्रत्येकात जन्मानेच वेगळ्या खुणा असतात, म्हणून त्यांच्या जाती वेगळ्या. मग ते माणसाकडे येतात आणि एकेक अवयव मोजतात: केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, हात, पाय. कुठेही अशी जन्माची खूण सापडत नाही. माणसामाणसांतला फरक हा नुसत्या नावांचा, व्यवहाराचा आहे. जो शेती करतो तो शेतकरी, जो चोरी करतो तो चोर.

बाबासाहेबांनीही तेच पुराव्यानिशी मांडले. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी दाखवून दिले की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत आणि मद्रासमध्येही तसेच आहे. जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगवेगळ्या वंशाचे ठरत नाहीत असा निष्कर्ष काढला.

मग काही आजार एका समाजात जास्त का?

एखादा वाचक विचारेल, सगळे एकच आहेत तर सिकलसेल विदर्भातल्या आदिवासी आणि आपल्या बौद्ध कुटुंबांत जास्त का दिसतो? प्रश्न रास्त आहे. सिकलसेल हा रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो, उलट फाल्सिपॅरम हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक टिकून राहिले. अरबस्तानात, आफ्रिकेत, ग्रीसमध्येही ते सापडते. जनुकाने जात पाहिली नाही, डासाचा प्रदेश पाहिला.

पण ते ठरावीक समाजांत साचून राहायला आणखी एक कारण आहे. ते म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपल्यातल्या आपल्यात लग्ने. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले होते की आपल्यातच लग्न करण्याची सक्ती हाच जातीचा गाभा आहे. या सक्तीचे ओझे रक्तालाही वाहावे लागते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला सिकलसेल होण्याची शक्यता चारात एक असते. ज्यांचे नातेगोते विदर्भात आहे, त्यांनी लग्न ठरवण्यापूर्वी मुला-मुलीची सिकलसेलची रक्ततपासणी जरूर करून घ्यावी. पत्रिका जुळवण्यापेक्षा ही चिठ्ठी पाहणे शहाणपणाचे आहे.

रविवारी वंदनेनंतर

वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालते. तेच दिवस डेंग्यूचेही असतात. म्हणून आमची एक सूचना आहे. आठवड्यातला एक दिवस कोरडा दिवस ठरवा. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की प्रत्येक घराने अर्धा तास द्यावा.

टिपाड, बॅरल, घागरी रिकाम्या करून आतून घासा. पाणी फेकून द्यायचे जिवावर येते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून पाणी यायच्या दिवशी, तळाला थोडे उरलेले असताना हे काम करा. उरलेले पाणी कपड्यातून गाळून धुण्याला, फरशीला वापरा. गाळलेल्या अळ्या गटारीत टाकू नका, कोरड्या जमिनीवर टाका, त्या मरतात. भरलेल्या टिपाडावर घट्ट विणीचे सुती कापड दोरीने आवळून बांधा. नुसते झाकण ठेवले तर फटीतून मादी आत जाते. हौद रिकामा होत नसेल तर महापालिकेच्या हिवताप विभागाकडे गप्पी मासे मागा. ते अळ्या खातात. कूलरची टाकी, फ्रिजच्या मागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा, पत्र्यावरचे टायर, करवंट्या, फुटकी भांडी यांतले पाणी काढा. दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला मच्छरदाणी लावा. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्यालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवा. तेच डास त्याला चावून मग घरातल्या इतरांना चावतात.

गटारी तुंबल्या असतील तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. नियमित पाणी आणि वाहती गटार हा आपला हक्क आहे. टिपाड घासणे हे आपले काम, पण पाणी रोज देणे हे पालिकेचे काम, हे दोन्ही एकदमच म्हणायला हवे.

त्या ताईंचा मुलगा बरा झाला, असे पुढे कळले. त्यांच्या मोरीतल्या टिपाडात अळ्या सापडल्या होत्या. गटारीपासून ते टिपाड पंधरा पावलांवर होते. आणि आजी पुन्हा भेटल्या तर आम्ही त्यांना सांगू: होय आजी, डासाला जात असते. ती ओळखायला शिका, नातवंडांनाही शिकवा. माणसाला जात नसते. कोणी विचारली तर सेपियन्स म्हणून सांगा.

जयभीम.